न खोकणारी बाई

आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी सोसला नाही, त्यांना ही बाई सांगून पटायची नाही. फाल्गुन सरला की धामणगाव बढ्यात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसे. टिनं तापून तडतडत. बाहेर राहिलेल्या हंड्याला हात लागला तर चटका बसे. अशा दुपारी ती आपल्या अंगणाच्या मधोमध, सावली पोचत नाही अशा जागी, काळी घोंगडी अंगाभोवती लपेटून बसलेली असायची. डोळे मिटलेले, बोटांत सिगारेट, कपाळावर घामाचा टिपूस नाही. मी शाळेतून आले की डोळे न उघडताच म्हणायची, "दार लोटून घे वं. वारं येऊन राह्यलं."

वारा कुठला! झाडाचं पान हलत नसे.

गाव तिला मागून थंडी माय म्हणे आणि तोंडावर पाटलीणबाई. मीही पहिल्या दिवशी पाटलीणबाई म्हटलं, तर म्हणाली, "पाटील गेला, आता पाटलीण कायची? नुसतं बाई म्हन."

राज्य नवं होतं तेव्हाची गोष्ट. खेड्यापाड्यांत मुलींच्या शाळेसाठी मास्तरणी नेमत होते. मी जानेफळची, आमच्या वस्तीतली पहिली शिकलेली मुलगी. आम्ही बौद्ध. धर्म बदलून फार दिवस झाले नव्हते, आणि आम्ही बदललो म्हणून गावं काही बदलली नव्हती. हेडमास्तर भला माणूस. मला घेऊन घरोघर खोली विचारत फिरले. कुठं खोली कालच दिलेली निघे, कुठं भिंत पडायला झालेली असे. शेवटी आम्ही थंडी मायच्या दारात उभे राहिलो. हेडमास्तर चाचरत म्हणाले, "बाई, ह्या नव्या मास्तरीणबाई. जानेफळच्या. म्हणजे त्यांचा समाज..."

तिनं त्यांना पुरं बोलू दिलं नाही. माझ्याजवळ आली आणि कपाळावर हात ठेवला. तो हात इतका गार की मी दचकून मागं सरले.

"हिले ताप हाय," ती म्हणाली. "पेटी आत आना."

मला ताप नव्हता. पुढं कळलं, ती ज्याच्यात्याच्या कपाळाला हात लावायची आणि सगळ्यांनाच ताप आहे म्हणायची. तिच्या हातांना जग तापलेलंच लागत असे.

घर लहानसंच, दोन खोल्या आणि पुढं अंगण. मागच्या गोठ्यात पाटलांच्या वेळेपासूनचा एक म्हातारा सालदार राहायचा. तोच तिची शेती पाहायचा. बाईला मूलबाळ नव्हतं. तिची चाहूल कधी लागायची नाही. मी वह्या तपासत बसलेली असे, आणि एकाएकी नाकात काहीतरी गार शिरे, डोळ्यांना झोंबे. मान वळवली की ती पाठीशी उभी. पाय वाजत नसत, बांगड्या नव्हत्या, आणि त्या वयात सिगारेट ओढणाऱ्या माणसाला जो खोकला असतो, तोही नव्हता. वास तेवढा पुढं यायचा.

त्या वासाचं मूळ भिंतीतल्या देवळीत ठेवलेल्या एका पत्र्याच्या डब्यात होतं. मलकापूरच्या काष्ठौषधांच्या दुकानातून सालदार तिला पुदिन्याचं फूल आणून द्यायचा. नाव फूल, पण असतात ते खडे, काचेच्या बारीक सुयांसारखे. पडशावर हुंगायला, डोकं दुखलं तर कपाळाला लावायला लोक चिमूटभर आणतात. ती ते डब्याच्या तळाशी पसरायची, वर फडकं, फडक्यावर साध्या बाजारी सिगारेटी, आणि झाकण घट्ट लावून टाकायची. काही दिवसांनी सिगारेटी तो वास पिऊन घेत. एकदा तिनं माझ्यासमोर झाकण उघडून उलटं धरलं. झाकणाला आतून पांढऱ्या सुया फुटल्या होत्या, शेतातल्या कुसळांसारख्या.

"हे कोणी लावलं?" मी विचारलं.

"कोनी लावते काय? आपोआप उगवते. अंधारात ठेवलं की वर चढते." ती बोटानं त्या सुया हळूच खरवडू लागली. "मानसाच्या आत बी असंच चढत असन, नाही वं?"

उन्हाळ्याची सकाळची शाळा सुरू झाली आणि माझ्या दुपारी मोकळ्या झाल्या. तेव्हा मला कळलं की ह्या घरात दुपारी बायका येतात. पुरुष झोपले की भिंतीच्या कडेनं एकेक जण यायची. सासुरवाशिणी, एखादी म्हातारी. ओसरीवर ओळीनं बसायच्या. सिगारेट ह्या हातातून त्या हातात जाई. कुणी बोलत नसे. गावाकडच्या चार बायका एकत्र बसल्या आणि आवाज नाही, असं मी दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही. डोळे अर्धवट मिटून, तोंड किंचित उघडं ठेवून त्या आत ओढलेला गारवा चाखत बसायच्या. बाहेर जमीन भाजून निघत होती आणि ह्या बायकांच्या अंगावर शहारे उभे असायचे. मी माझ्या खोलीच्या दारातून बघायची. भीतीही वाटे आणि नजरही हलत नसे.

त्यांत शेजारच्या घरातली सून होती. अंगानं काटकुळी, चेहरा कोवळा. तिनंच मला विहिरीवर पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, "मास्तरीनबाई, आमचं भरून होऊ द्या, मंग तुमी या." मी बादली घेऊन उन्हात उभी राहिले होते.

एका दुपारी बायका निघून गेल्यावर बाईनं मला हाक मारली. अंगणात तिच्यासमोर बसले. तिनं ओठांतली अर्धी सिगारेट काढली, तिचं ओलं टोक माझ्याकडं केलं आणि माझ्या तोंडाशी धरली.

"घे. ओढ."

मी तोवर तंबाखूला शिवले नव्हते. पण मला तंबाखू दिसलाच नाही. माझ्या ओंजळीत हातभर वरून पाणी ओतणारे हात मी लहानपणापासून पाहिले होते. स्वतःच्या तोंडातली वस्तू काढून माझ्या तोंडाशी धरणारा हात पहिल्यांदा पाहत होते. नाही कसं म्हणणार होते मी?

मी ओढली. घसा जळेल, ठसका लागेल म्हणून अंग आवळून घेतलं होतं. तसं काहीच झालं नाही. तापल्या दिवशी खोल विहिरीत वाकून पाहावं आणि तोंडावर गार हवा यावी, तसं काहीतरी छातीत उतरत गेलं. मी आणखी खोल ओढली. डोकं हलकं झालं, हाताची बोटं मुंगावली. बाई माझ्याकडं टक लावून बघत होती.

"लागलं काय?"

"नाही. काहीच लागलं नाही," मी म्हणाले.

"हाव. लागत नाही, हेच तं हाय त्याच्यात."

दुसऱ्या दिवशी शाळेत शेवटच्या तासाला माझं लक्ष फळ्यावर नव्हतं. पाढे म्हणणाऱ्या मुलींच्या आवाजातून मला त्या झाकणाचा टक असा आवाज ऐकू येत होता.

मी ओसरीवर बसू लागल्यावर काही बायकांनी येणं सोडलं. माझ्या हातून फिरलेली सिगारेट त्यांना चालणार नव्हती. शेजारची सून दोन-तीन दिवस आली नाही. मग आली. खांबाला टेकून उभी राहिली, बसली नाही. त्या दिवशी एकच सिगारेट उरली होती आणि ती माझ्या बोटांत होती. सून बघत राहिली. ओठ चाटले. आणि एकाएकी पुढं होऊन तिनं ती माझ्या बोटांतून घेतली, माझ्या ओठांनी ओलं झालेलं टोक पदरानं पुसलंसुद्धा नाही, आणि डोळे मिटून ओढली. संध्याकाळी विहिरीवर मात्र पुन्हा तेच: "आमचं भरून होऊ द्या." मला रागही आला नाही. तिनं ओठ चाटलेले आठवत राहिले. विटाळ ज्यानं पळून जातो असं काहीतरी त्या डब्यात होतं, आणि ते चांगलं नव्हतं, एवढं तेव्हाही मला समजलं.

बाईला खेळ करायची खोड होती. एकदा तिनं त्या सुनेला डब्याबाहेरची कोरी सिगारेट पेटवून दिली. सुनेनं झुरका घेतला तशी डोळे पांढरे करून खोकायला लागली. अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन ओकली. पाणी मारून आत आली तर बाई शांतपणे म्हणाली, "पाह्यलं? तंबाखू हिच्यानं एक घोट खपत नाही."

मग तिनं मला पुदिन्याचा एक खडा जिभेवर ठेवायला दिला. तोंड गार झालं, डोळ्यांत पाणी आलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "भागलं काय?"

मी मान हलवली. भागलं नव्हतं. तोंड गार पडलं होतं आणि आत काहीतरी हात पसरून बसलेलंच होतं.

"नुसत्या थंडीनं भागत नाही. नुसता तंबाखू घशाखाली उतरत नाही. दोघं जन हातात हात घेऊन येतात, पोरी. पुढचा थंड हाताचा, त्याले आपन दार उघडतो. मांगचा कोन हाय ते दार लावल्यावर समजते."

हे कळत असताना ती का ओढायची, हे मी त्याच दुपारी विचारलं. तेव्हा तिनं पाटलांची गोष्ट सांगितली.

पाटलांना सिगारेटीचं वेड आणि खोकला दांडगा. शेतातून निघाले की वेशीपासून खोकला ऐकू येई. ती चुलीवर तवा ठेवी, म्हणजे ते हातपाय धुऊन येईस्तोवर पहिली भाकर तयार. पुढं खोकला इतका वाढला की सिगारेट ओढवेना. कुणीतरी वाफेसाठी पुदिन्याचं फूल सांगितलं. पाटलांनी वाफ एकदाच घेतली आणि उरलेलं फूल सिगारेटीच्या डब्यात टाकलं. खोकला थांबला. सिगारेटी पहिल्यापेक्षा जास्त चालू झाल्या.

"आमाले वाटलं, बरे झाले," बाई म्हणाली. "मी नवस फेडला वं! खोकला म्हंजे राखनीचं कुत्रं. थंडीनं ते कुत्रं झोपवलं. मंग चोर घरात फिरून राह्यला तरी कोनी भुंकना. एक दिवस दुपारी मी चुलीम्होरं बसली होती. खोकला आला नाही म्हनून मी तवा ठेवला नाही. मांग वळून पाह्यलं तं ते खाटेवर. कवा आले, कवा निजले, कवा गेले, मले काहीच ऐकू आलं नाही."

सुतक फिटल्यावर तिनं त्यांचा डबा उघडला. आतून त्यांच्या अंगाचा वास आला. तिनं एक पेटवली.

"एकच पेटवनार होती," ती म्हणाली आणि घोंगडी सारखी करत राहिली.

मी एप्रिलमध्ये जयंतीसाठी जानेफळला गेले. घरी सगळा आनंद होता, दारोदार निळी पताका, आई माझ्यासाठी गोडधोड करत होती. माझा मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. उगाच चिडत होते. बापाची बिडी त्याच्या टोपीखालून काढली आणि परसात जाऊन ओढली, तर खोकून खोकून छाती दुखली. मग दुकानातून पिपरमिंटच्या गोळ्या आणल्या, दोन गालात धरल्या आणि पुन्हा बिडी ओढली. थोडीशी सोसली. आपण परसातल्या राखेच्या ढिगाशी उकिडव्या बसून हे काय करतोय, असं मनात येऊनही मी ती विझवली नाही. सुट्टीला घरी येणार नाही, गावात शिकवण्या आहेत, असं आईला खोटं सांगून दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं परत निघाले. मोताळ्याला गाडी बदलायची तर तिथं थांबणंही जड गेलं.

आले तेव्हा बाई अंगणात होती. घोंगडीवर आता गोधडीही होती. ती जरा विचित्र हसली आणि म्हणाली, "पाठीले कान लाव बरं."

मी तिच्या पाठीला कान लावला. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीतून वारं जावं तसा सरसर आवाज आत चालला होता. मधूनच खालून पाणी खदखदल्यासारखं वाजे. मी चटकन मान वर केली. तिचा चेहरा अगदी शांत. धूर नाकातून सावकाश बाहेर येत होता.

"पाटलाच्या पाठीत असंच वाजत होतं काय, ते मी कवाच ऐकलं नाही," ती म्हणाली. "ऐकायले पाह्यजे होतं."

मी सालदाराला हाक मारली. बैलगाडीनं फाट्यापर्यंत आणि तिथून एसटीनं आम्ही दोघांनी तिला मलकापूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नळी लावली. समोरून, पाठीमागून, पुन्हा समोरून. मग विचारलं, "खोकला केव्हापासून आहे?"

"खोकला नाही," ती म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. "एवढ्या छातीला खोकला नाही? अहो, हे कसं होईल?"

मी डब्याचं सांगितलं. त्यांनी तिला ठेवून घेतलं आणि सिगारेट कडकडीत बंद केली. पहिला दिवस ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. हात शोधत राहायचे, चादरीच्या दोऱ्या ओढायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेज घेऊन आले. सालदार खाटेजवळ जमिनीवर बसला होता. बाईनं पेजेचा एक घोट घेतला, मान वर केली, आणि तिच्या छातीतून खोकला निघाला.

तो बाईमाणसाचा खोकला नव्हता. जाड, खरखरीत, तीनदा अडखळणारा आणि शेवटी घशात गुरगुर करत थांबणारा. खोलीतल्या दुसऱ्या खाटेवरच्या बाईनं उठून दाराकडं पाहिलं, कोण पुरुष आला म्हणून. माझ्या हातातली पेज सांडली. सालदार ताडकन उभा राहिला होता. त्यानं डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं, मालकासमोर घेतात तसं.

"मास्तरीनबाई," तो कुजबुजला, "हा तं पाटलाचा खोकला व्हय. मी ह्या खोकल्यावर बैल सोडत होतो. दुसरा कोनाचा नाही हा."

पुन्हा तसाच खोकला आला. तसाच तीनदा अडखळून. मी आज सांगू शकते की रोग एकच, सवय एकच, मग आवाजही एकच होणार. पण ही समजूत मला फार पुढं सुचली. त्या दुपारी मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि मला खोलीत पाचवं माणूस आल्यासारखं वाटत होतं.

बाई मात्र ऐकत होती. खोकला संपला की मान कलती करून ऐकायची, जणू तो आवाज तिच्यातून येतच नव्हता, लांबून, वेशीकडून येत होता. तिच्या गालांवर रंग चढला. घामानं कपाळ डवरलं. मी तिला ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदा तिला घाम आलेला पाहत होते. तिनं अंगावरची चादर पायानं दूर सारली.

"उकडून राह्यलं वं," ती म्हणाली. मग सालदाराला विचारलं, "आले काय?"

सालदार माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "हाव बाई. वेशीपाशी हायेत."

"मंग तवा ठेवते मी," ती म्हणाली आणि उठायला लागली. आम्ही दोघांनी तिला धरून झोपवलं. ती सबंध दुपारभर खोकत राहिली, आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा आणखी मोकळा होत गेला. ऊन उतरता उतरता खोकला थांबला. ह्या वेळी तो थांबल्याचं आम्हा दोघांनाही ऐकू आलं.

तिला गावी आणलं. बायका जमल्या, रडण्याचा कालवा झाला. त्या गर्दीतच मी माझ्या नकळत देवळीकडं सरकत होते. पण माझ्याआधी शेजारची सून तिथं पोचली होती. रडतारडताच तिनं हात वर केला, डबा काढला, पदराखाली धरला. वळली तेव्हा आमची नजरानजर झाली. तिचं रडू खरं होतं, डोळे सुजले होते. ती बाजूला झाली नाही आणि मीही तिला थांबवलं नाही. दोघीही त्या डब्याकडंच बघत होतो.

पाटलांच्या पुतण्यानं घर ताब्यात घेतलं आणि मला दुसरी जागा बघायला सांगितलं. मी बदली मागून घेतली. पुढचे कित्येक दिवस वाईट गेले. हात कापायचे, झोप यायची नाही. आणि घसा जागा झाला तसा खोकलाही आला, साधा, माझाच. हळूहळू सगळं निवलं. लग्न झालं, बुलढाण्याला बिऱ्हाड झालं, मुलगी झाली. मला वाटलं, ती बाई आणि तिचं घर मागं पडलं.

मुलगी वर्षाची असेल. तिला पडसं झालं, छाती भरली. सासूबाईंनी बाजारातून मलमाची डबी आणली आणि लेकराच्या छातीला, पाठीला चोळलं. मी न्हाऊन आत आले. सासूबाईंनी लेकरू माझ्याकडं दिलं. मी तिला उचललं, तिच्या उघड्या छातीला नाक लावलं आणि श्वास घेतला. मग आणखी एक, त्याहून खोल. तो गार वास आत उतरला आणि त्याच्या मागोमाग, इतक्या वर्षांनी, सगळं अंग उठून बसलं. तोंडाला पाणी सुटलं. बोटं मुंगावली. लेकरू रडत होतं ते मला ऐकू येत होतं, पण लांबून. मी नाक काढत नव्हते. ओढतच होते.

"पाह्य माय," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "कशी माया करून राह्यली लेकीवर!"

मी मान वर केली. लेकीच्या कोवळ्या छातीवर माझ्या नाकाचा लालसर ठसा उमटला होता. मी लेकरू सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं, दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले आणि त्यांना म्हणाले, "आजच्या दिवस तुम्हीच घ्या तिला. माझ्याजवळ देऊ नका."